बटण बंद केलंय ना?

दुपारचं जेवण उरकून शामकांत ज्येष्ठ नागरिक संघातल्या भाषणाला निघाले. विषय ठरलेला. रिमोटने टीव्ही बंद केला म्हणजे तो बंद होत नाही; लाल ठिपका आणि सेट-टॉप बॉक्स वीज खातच राहतात. भिंतीवरचं बटण बंद करा! माणूस तळमळीचा. पण अशा माणसाबरोबर संसार करणं काय असतं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कुठून कळणार?

ते त्यांच्या बायकोला, दमयंतीला कळलं होतं. अर्धांगवायूने ती अंथरुणाला खिळलेली. हाताशी फक्त रिमोट, आणि बटण पार समोरच्या भिंतीवर.

"अहो, चालू ठेवून जा ना. कुणाचा तरी आवाज कानावर पडतो."

"तुझा डोळा लागतो, मग सगळं वाया जातं," असं म्हणून शामकांत बटण बंद करायचे आणि निघायचे. गेल्या महिन्यात अशाच एका दुपारी ती गेली. त्यांनी परत येऊन पाहिलं, तर अंगठा रिमोटवर रुतलेला. असं मरण बाईने मुकाट्याने का सोसावं?

आज दाराला कुलूप लावता लावता त्यांना आतून टीव्हीचा आवाज आला.

ते तिच्या खोलीत गेले. बटणं बंदच होती, तरी पडदा उजळलेला आणि पंखा फिरत होता. त्यांनी प्लग उपटला. पडदा तसाच. खोलीत तिच्या मालिशच्या तेलाचा वास दाटला होता. ते तिच्याच पलंगावर बसले.

समोर बटणांपाशी आवाज झाला. टक्. पंखा थांबला.

टक्. टीव्ही विझला.

टक्... आणि त्यांचा उजवा हात मांडीवर गळून पडला. मग पाय. ते आडवे कलंडले.

"दमे... चालू... चालू ठेव..." जीभ जड झाली होती.

"तुमचा डोळा लागतो ना..." कानाशी कुजबूज आली. "मग वाया जातं..."

बेल वाजली. शेजारची निकिता त्यांना गाडीतून न्यायला आली होती. "काका, निघायचं ना?"

शामकांतांनी जिवाच्या आकांताने तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही. तो फुटला बाहेर, दाराशी, हुबेहूब त्यांचाच: "चल, आलोच!"

कडी लागली. पावलं जिना उतरून गेली.

शामकांत संध्याकाळी पलंगावर सापडले. डॉक्टर म्हणाले, जीव दुपारीच गेलाय. निकिता मात्र अजून शपथेवर सांगते, काका व्यासपीठावर तासभर छान बोलले. शेवटी त्यांनी हसून विचारलं, "घरातल्या माणसाला एकटं ठेवून, बटण बंद करून कोण कोण आलंय?"

सभागृहात अभिमानाने बरेच हात वर झाले. काका खाली उतरले आणि प्रत्येकाला त्याच्या घराचा पत्ता विचारत फिरले.