उसनी ऊब

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण मध्येच कुणीतरी म्हणणार, यंत्र बिघडलं असेल. बिघडलं नव्हतं. ते यंत्र आजही एका दवाखान्यात व्यवस्थित चालतंय.

आणि असले प्रकार रात्री घडतात म्हणतात ना? हा भर दुपारी घडला. थंडीचे दिवस होते. खिडकीतून ऊन आत आलेलं. खोलीत आम्ही दाटीवाटीनं उभे होतो, त्यात चार आमदार.

सगळ्यांनी पाहिलं. नंतर त्यावर कुणी बोललं नाही, एवढंच.

मी विधिमंडळात प्रतिवेदक आहे. जो जे बोलेल ते शब्दन् शब्द उतरवायचं, हे माझं काम. पदरचं तिखट-मीठ लावायचं नाही. सभागृह हसलं तर कंसात 'हशा' लिहायचं, ओरडलं तर 'गोंधळ'. मंत्री 'माहिती घेऊन सांगतो' म्हणाले तर तेही लिहायचं. त्यामुळे मला कल्पना वगैरे फारशा सुचत नाहीत. बायकोला विचारलंत तर अजिबातच नाहीत.

आमदारांची एक समिती असते. सरकारनं ज्या कामावर पैसा खर्च केला म्हणून सांगितलं, ते काम झालं का, हे जागेवर जाऊन विचारणारी. मी त्या समितीबरोबर दौऱ्यावर जातो. त्या वर्षी दवाखाने बघायचे ठरले. आणि यादीत माझ्या ताईचा दवाखाना निघाला.

ताई तिथं बाळंतपणाच्या वॉर्डची मुख्य सिस्टर. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, त्यामुळे ती माझी बहीण कमी आणि आई जास्त. आमचा रोज संध्याकाळी फोन व्हायचा. ती वॉर्डातल्या बाळांबद्दल बोलायची, पण त्यांना नावं कुठली? दिवस भरायच्या आत जन्मलेली, मुठीएवढी पोरं. घरी जाऊन नाव ठेवेपर्यंत वजन हेच त्यांचं नाव.

"आज चौदाशे ग्रॅमनं डोळे उघडले बघ," असं ती सांगायची. किंवा, "अकराशे ऐंशी फार रडतो रे, आवाज बघ आणि जीव बघ."

मग आदल्या हिवाळ्यात तिचे फोन बदलले.

अशा बाळांना स्वतःची ऊब धरता येत नाही. त्यांना वॉर्मर लागतो. वर तापणारा दांडा, खाली गादी, गादीखाली वजनकाटा. ताईच्या दवाखान्यात वॉर्मर नव्हते. कागदावर होते. तीन. वॉर्डाच्या टोकाला त्यांच्यासाठी खोलीही होती, पण तिच्यात मोडक्या खाटा भरलेल्या. ताई बाळांना कापसात गुंडाळायची, गरम पाण्याच्या बाटल्या लावायची, काहींना तर स्वतःच्या अंगाशी धरून पहाट करायची.

"गार पडतात रे," एवढंच म्हणायची. "बघता बघता गार पडतात."

अकराशे ऐंशी त्याच हिवाळ्यात गेला. मग जुळ्या बहिणी गेल्या. मग आणखी. नंतर नंतर ती वजनं सांगेनाशी झाली आणि मीही विचारेनासा झालो.

आमच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मोडक्या खाटा हलवल्या होत्या. खोलीला रंग दिला होता. दुसऱ्या एका दवाखान्यातून तीन वॉर्मर एका दिवसासाठी मागवले होते. आणि तिच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, समितीनं विचारलं तर वॉर्मर गेल्या वर्षापासून आहेत असं म्हणायचं.

"खोटं बोलले तर पुढच्या थंडीतही पोरं अशीच जाणार," ताई म्हणाली. "आहेत म्हटल्यावर पुन्हा कोण देणार? आणि खरं बोलले तर मी जाणार."

तिची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती.

"उद्या मला ओळख दाखवू नकोस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं तो दवाखाना पाहिलेला नसावा. रंग इतका ताजा होता की एका आमदारांच्या बाहीला भिंत लागली. फरशी पुसून ओली. दारात कुंड्या. साहेब हसतमुखानं पुढे, आम्ही मागे.

आमच्या समितीच्या अध्यक्षा पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांना सगळे बाईच म्हणायचे. आवाज कधी चढत नसे, पण प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत नजर काढायच्या नाहीत. भले भले अधिकारी त्यांच्यासमोर गृहपाठ विसरलेल्या पोरांसारखे उभे राहायचे.

आम्ही त्या टोकाच्या खोलीत शिरलो.

तीन वॉर्मर ओळीनं मांडलेले. दांडे लालसर तापलेले. पांढऱ्या स्वच्छ गाद्या. बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी आणि त्या खोलीत मात्र छान ऊब होती. ताई कोपऱ्यात उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"बाळं कुठायत?" बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, सध्या वॉर्मरची गरज असलेलं एकही बाळ नाही, सगळी गुटगुटीत आहेत. रंग लागलेले आमदार म्हणाले, मग आमच्या सचिवांनाच झोपवा, त्यांना फार थंडी वाजते. सगळे हसले. मी कंसात 'हशा' लिहिलं.

तेवढ्यात मधल्या वॉर्मरमधून बारीक आवाज आला.

टिक...

काट्याच्या पडद्यावर शून्य होतं. ते हललं. चाळीस... तीनशे... सातशे...

आकडा थांबला.

अकराशे ऐंशी.

गादी रिकामी होती. मी शपथेवर सांगतो, रिकामी होती. फक्त मधोमध एक खळगा पडला होता. लहानसा. उशीवर मांजर बसून उठावं, तेवढा.

मी ताईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

साहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, काटा जरा नाजूक असतो. दवाखान्याचा वायरमन पुढे झाला, त्यानं बटण दाबून आकडा शून्यावर आणला. हात काढला.

टिक...

अकराशे ऐंशी.

आता कुणी हसेना. मग डावीकडचा काटा हलला. मग उजवीकडचा. वेगवेगळे आकडे. थोडा वेळ थांबायचे, पुन्हा शून्य व्हायचे आणि पुन्हा दुसराच आकडा चढायचा. कुणीतरी उतरतंय, कुणीतरी चढतंय...

ना रडण्याचा आवाज, ना श्वासाचा. तापलेल्या दांड्यांची घरघर तेवढी.

उजवीकडच्या काट्यावर एकदम मोठा आकडा आला. एकोणीसशे साठ. गादीवर दोन खळगे पडले, एकमेकांना चिकटून.

"जुळ्या," ताई पुटपुटली. "वेगळं ठेवलं की रडायच्या."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. प्लग काढ रे, असं ते वायरमनला म्हणाले. वायरमन जागचा हलला नाही.

बाई मात्र पुढे झाल्या. मधल्या गादीवरच्या खळग्याशी त्यांनी हात नेला. शिक्षिकेचाच हात तो, खडूनं कोरडा पडलेला. बोट हळूच पुढे केलं...

आणि त्या थांबल्या.

त्यांचं बोट कशात तरी अडकलं होतं. त्यांनी ओढलं नाही. बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

"किती गार आहेत हो हात याचे," त्या म्हणाल्या.

मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "सिस्टर, ही यंत्रं इथं कधीपासून आहेत?"

साहेबांनी ताईकडे पाहिलं. मीही पाहिलं. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"आज सकाळी आली," ताई म्हणाली. "संध्याकाळी परत जाणार. आधी असती तर ही सगळी आज रांगत असती, बाई."

हे मी शब्दन् शब्द लिहिलं आहे. ते समितीच्या कागदात आजही सापडेल. कंसात मात्र काय लिहायचं, ते मला सुचलं नाही.

समिती निघाली. बाईंनी मला मागं थांबायला सांगितलं. ताई माझी बहीण आहे हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. आमची नाकं सारखी आहेत, तेवढ्यावरून ओळखलं असेल.

ऊन कलल्यावर टेम्पो आला. ड्रायव्हर घाईत होता. वॉर्मर पाठवलेल्या दवाखान्यातून सारखे फोन येत होते. तिथं दुपारीच एक बाळ जन्माला आलं होतं, सातव्या महिन्यातलं. जिवंत.

दोन वॉर्मर शून्यावर आले होते. ताईनं त्यांचे प्लग काढले आणि ते टेम्पोत चढले. मधला राहिला.

अकराशे ऐंशी... आकडा हलत नव्हता.

"थोडं थांबा दादा," ताई ड्रायव्हरला म्हणाली.

ड्रायव्हर कुरकुरला. कुणासाठी थांबायचं, खोलीत तर कुणी नाही, असं म्हणाला. मग त्यानं काट्याकडे पाहिलं. खळग्याकडे पाहिलं. तो बाहेर गेला, आणि मला टेम्पोचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

पुन्हा फोन वाजला. तिकडचं बाळ गार पडायला लागलं होतं.

ताई गादीशी वाकली. रिकाम्या जागेवरून तिनं हात फिरवला, डोक्यापासून पायापर्यंत, जसा ती सगळ्या बाळांवरून फिरवायची. मी लहान असताना मला झोप येईना की माझ्यावरूनही फिरवायची तसाच.

"ऊठ राजा," ती म्हणाली. "पोटभर ऊब घेतलीस ना? तिकडं एक बाळ आहे. त्याला अजून जगायचंय. त्याला दे."

काही झालं नाही.

मग आकडा एकदा थरथरला. अकराशे... आठशे... दोनशे...

शून्य.

खळगा हळूहळू भरून आला. ताईनं प्लग काढला आणि ती तिथंच खाली फरशीवर बसली. मी तिला धरलं. इतकी वर्षं तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती मोठ्यानं, पोरीसारखी रडली.

आता पुढचं सांगतो. तिकडचं बाळ जगलं. तिथल्या सिस्टरनं ताईला फोन करून एक विचारलं. टेम्पोतून एवढा थंडीत प्रवास करून आला, प्लग कधीचा काढलेला, मग एका वॉर्मरची गादी गरम कशी होती? ताईनं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

ताईची बदली झाली, लांब. निलंबन बाईंनी भांडून थांबवलं. त्या दवाखान्यात पुढच्या थंडीआधी खरेखुरे वॉर्मर आले आणि आता तिथं पोरं जगतात. ताईच्या नव्या ठिकाणी बाळंतपणाचा वॉर्डच नाही. तरी ती थंडीच्या दिवसांत एका रिकाम्या खाटेवर गरम पाण्याची बाटली ठेवते. कुणी विचारलं तर म्हणते, असू दे.

मला मात्र एक गोष्ट आजवर कुणाला सांगता आली नव्हती.

त्याच वर्षी सभागृहात बाईंनी प्रश्न विचारला. त्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात ऊब न मिळाल्यामुळे किती बालकं दगावली? मंत्री उठले. त्यांनी हातातला कागद वाचला.

"अध्यक्ष महाराज, सुविधेअभावी एकही बालक दगावलेलं नाही."

जो जे बोलेल ते लिहायचं. मी लिहायला लागलो. 'एकही' एवढा शब्द झाला...

आणि माझी करंगळी गार पडली.

कुणीतरी धरली होती. इवल्याशा, बर्फासारख्या बोटांनी, घट्ट.

मी वाक्य पूर्ण केलं. मला करावंच लागलं. त्यानं सोडलं नाही.

अजूनही कुठल्या ना कुठल्या प्रश्नावर तसलं उत्तर येतं. मी लिहायला लागायच्या आधी डावा हात उजव्या करंगळीवर ठेवतो, जरा ऊब मिळावी म्हणून.