शिवम्माची चंची

दिवा आहे तिथेच राहू द्या. फार उजेडात मला हे सांगवत नाही, आणि पूर्ण अंधारात सांगायची हिंमत नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत एकतीस वर्षं काळ्या वाळूत साचे ठोकले. शिक्षण चौथीपर्यंत. दोन हजार पाच साली रिटायर झालो, तेव्हा कंपनीने शाल, नारळ आणि एक पाकीट दिलं. पाकिटात चिठ्ठी होती. कळंब्याच्या बाजूला तळ्याकाठी जे जुनं हॉटेल होतं, तिथे एक रात्र राहायचं, जेवण-नाश्ता धरून. चिठ्ठीवर 'दोघांसाठी' असं छापलं होतं. माझी बायको शिवम्मा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एकटाच निघालो.

जायचं कारण एवढंच, की ते हॉटेल आतून कसं आहे, हे तिने मला एकदा विचारलं होतं. तेव्हा मी सांगितलं नव्हतं.

संस्थानच्या काळातला बंगला तो. काळ्या दगडाचा, लांब व्हरांड्याचा. मागच्या बाजूला पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. मी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गेटवर पिराजी नावाचा वॉचमन रजिस्टर घेऊन बसला होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल.

"नाव सांगा, पावणं."

"रुद्राप्पा."

त्याचा पेन थांबला. "शिरोलीच्या फाउंड्रीतलं का? त्र्याण्णव साली तुमच्या कंपनीचं जेवाण झालं हितं, त्यात हुता?"

"हुतो."

ते जेवण मी कसं विसरेन? कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मालकांनी कामगारांना बायकांसकट बोलावलं होतं. मालकीणबाई स्वतः प्रत्येकीची ओटी भरणार होत्या. मी घरी सांगितलं, फक्त गड्यांनाच बोलावणं आहे. शिवम्माच्या तोंडावर आणि हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. बोलणंही तिचं गडहिंग्लजच्या पलीकडचं, निम्मं कानडी. मला तिची लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी शब्द सोपा करून काय उपयोग? लाजच वाटत होती.

मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आजारी आहे. त्या फार मायाळू. म्हणाल्या, "मग उद्या मी घरी येऊन त्यांची ओटी भरते." घरी येणार, तिला बघणार, माझं खोटं उघडं पडणार. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आजारी हुती. वारली."

त्यांनी हातातला नारळ आणि खण बाजूला ठेवला. डोळे पुसले. माझ्या शेजारी सयाजी बसला होता, आमच्याच गल्लीतला. त्या सकाळी त्याने शिवम्माच्या हातचा चहा घेतला होता. तो नुसता ताटात बघत जेवत राहिला.

"मग एक इचारू का?" पिराजी म्हणाला. "बारा वर्सं डोस्क्यात हाय माझ्या. त्या दिवशी जेवणाच्या टायमाला एक बाई आलती गेटवर. तोंडावर पांढरं डाग. रुद्राप्पांची बायको म्हणाली. नवरा तंबाखूची चंची इसरून आलाय, तेवढी आत द्या म्हणाली. मी आत जाऊन मालकीणबाईस्नी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अहो, त्यांची बायको वारलीय. आत्ताच सांगितलं त्यांनी.' मी परत आलो आन् सांगितलं बाईला."

"काय सांगितलं?"

"हेच की. बाई, रुद्राप्पांची बायको वारलीया."

तळ्यावरून वारा आला. शेवाळाचा वास आला.

"मग?"

"मग काय. उभी राह्यली जरा. खिडकीतनं तुमची पंगत दिसत हुती. म्हणाली, 'बरं. मग राहू द्या.' आन् चंची घेऊन गेली चालत. कोण हुती हो ती?"

मी रजिस्टरवर सही केली आणि खोलीची चावी कुठे मिळेल ते विचारलं.

चंची तिनेच शिवली होती, जुन्या इरकली लुगड्याच्या काठाची. त्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा तिने विचारलं, "आत कसं हाय री ते हॉटेल?" आमच्याकडे बायको नवऱ्याला 'री' म्हणून हाक मारते. मी म्हणालो, "काय न्हाय, नुसत्या भिंती." चंची कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, हरवली. पुढची सहा वर्षं तिने मला गरम भाकरी वाढली. कधी टोचून बोलली नाही. फक्त एक. त्यानंतर तिने कुणाकडूनही ओटी भरून घेतली नाही. कुणी बोलावलं तर म्हणायची, "मला चालत न्हाय." मला वाटायचं, डागांमुळे म्हणत असेल.

खोलीत दोन उशा होत्या. मी खुर्चीवर बसून राहिलो. दिवेलागणीला लाईट गेली. भारनियमनाचे दिवस ते. जनरेटर लागेपर्यंत सगळं गप्प झालं. पायऱ्यांवर पाणी आपटत होतं, तेवढंच. मग हळूहळू खोलीत विभूतीचा वास यायला लागला. शिवम्मा अंघोळ करून कपाळाला लावायची, तसा.

टेबलावरचा फोन वाजला.

"पावणं, गेटवरनं पिराजी बोलतोय." आवाज अगदी हळू होता. "एक बाई आल्यात. रुद्राप्पांची बायको म्हणत्यात... आत सोडू का?"

मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला.

"पावणं... लवकर सांगा. माझ्या पुढ्यातच हुभ्या हायत..."

त्याच्या आवाजाच्या मागे, तोंड जरा बाजूला करून बोलावं तसा, दुसरा आवाज आला.

"री..."

मी इथे आलो होतो कशासाठी? तिला आतून दाखवायलाच ना? 'व्हय, माझीच बायको, सोडा आत' एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं तेच, जे बारा वर्षांपूर्वी आलं होतं.

"मला बायको न्हाय. वारली ती."

या खेपेला ते खरं होतं. तरी पहिल्यापेक्षा मोठं खोटं बोलल्यासारखं वाटलं.

पिराजीने तिकडे कुणाला तरी काही सांगितलं. मग तोच मागचा आवाज आला.

"बरं... मग राहू द्या."

फोन बंद झाला. वास गेला. लाईट आली तेव्हा एक उशी मांडीवर घेऊन मी बसलो होतो. कधी घेतली, ठाऊक नाही.

सकाळी नाश्ता न करता गेटवर आलो. पिराजीचा चेहरा उतरला होता.

"तीच बाई," तो म्हणाला. "बारा वर्सांत काडीचा फरक न्हाय. तेच लुगडं."

"ती माझी बायको हुती," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मग काल आत का न्हाय घेतलं?"

मी खोलीची चावी त्याच्यापुढे ठेवली. त्याने रजिस्टर उचललं. खाली इरकलीच्या काठाची चंची होती.

"ठेवून गेल्या. म्हणाल्या, त्यांस्नी द्या, पर बायकोनं दिली म्हणू नगा."

तंबाखू मी त्या दिवसापासून सोडली. आमच्यात पुरतात; शिवम्माला पुरलं तिथे दर सोमवारी जातो. खण-नारळ ठेवतो, आणि ते हॉटेल आतून कसं आहे ते सांगतो. पायऱ्या सांगतो, उंच छत सांगतो. तिकडून काही येत नाही.

ही बघा चंची. आतली चुन्याची डबी उघडा. घाबरू नका, उघडा. मी त्यातल्या चुन्याला कधी बोट लावलं नाही, पाण्याचा थेंब घातला नाही. चुना दोन दिवसांत दगड होतो, तुम्हाला माहीत आहे.

बोट लावून बघा... ओला आहे ना?

आणि बोटाने घेतल्याची ती खूण... ती माझी नाही. काल इतकी खोल नव्हती.