आतून आलेले आठ ठोके

यातलं काहीही पदरचं नाही. बाबा गेले त्याला नऊ दिवस झाले होते. रविवार, दुपारचे सव्वातीन. आमचंच घर, बाबांच्या खोलीबाहेर.

बाबा युद्धनौकेचे कप्तान होते. लढाईत टॉर्पेडो लागून इंजिनाच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हा त्यांनी तिचं लोखंडी दार बंद करायला लावलं. आत सात जण होते. जहाज तरलं, तसंच लढत राहिलं. एकशे साठ माणसं परत आली. बाबांना शौर्यपदक मिळालं.

त्यानंतर त्यांनी घरात एकही दार लावू दिलं नाही.

"शत्रूला भ्यायले नाहीत, कडीला भितात," आई म्हणायची.

त्या दुपारी धूळ येत होती, म्हणून मी त्यांच्या खोलीचं दार लावलं. आता ओरडणारं कोणी नव्हतं. मला रडूही येत नव्हतं.

त्यांच्या जहाजावरचे इंजिनवाले काका, त्या दिवशी पाळी नव्हती म्हणून वाचलेले, भेटायला आले होते. चहा घेत होते.

"साखर घातलीस, की चहाला नुसती दाखवलीस?"

मी डबा आणायला उठले, आणि...

टक्.

दाराच्या आतून. अगदी खाली, जमिनीलगत.

टक्... जरा वर.

एकेक ठोका, सावकाश, वर सरकत गेला. शेवटचा माझ्या डोक्याच्याही वर.

काकांची बशी हातातच राहिली.

"किती झाले?"

"आठ."

"नीट मोजलेस?"

"आठच, काका."

"अडकलेली माणसं अशी सांगतात, आत किती जिवंत आहेत ते. एकेकानं एकदाच ठोकायचं." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्या दिवशी सात होते गं."

मी काही विचार केला नाही. बाहेरून एकदा ठोकलं.

आतून आठही ठोके एकदम आले... घाईघाईने. आनंदाने, असं मला वाटलं.

"काय केलंस हे!" काका उभे राहिले. "बाहेरून उत्तर दिलं म्हणजे 'येतो' असा शब्द दिला. लढाई थांबल्यावर साहेब पाऊण तास त्या दाराला हात लावून उभे होते. उत्तर दिलं नाही. खोटा शब्द देणार नाही म्हणाले."

मी दार उघडलं.

पलंग. कपाट. खिडकी. फरशी कोरडी होती.

काका चहा तसाच टाकून गेले. त्याला चार महिने झाले. आवाज पुन्हा आलेला नाही.

मी आठ जणांना 'येते' म्हणून सांगितलंय. त्यांत बाबा आहेत.

कुठलं दार उघडायचं, तेवढं मला कळत नाही.