मोरेलचा चौथा मालक

“आज तळघरात उतरले, तर मी परत येणार नाही,” उज्ज्वला म्हणाली. मोखाड्यातल्या गुप्तहेर रविनाच्या छोट्या कचेरीत तिचा मदतनीस संदीप चहाचा कप खाली ठेवून ऐकू लागला. रविनाने वही उघडली.

उज्ज्वलाचा नवरा हेमंत फ्रान्समध्ये मोरेल नावाच्या द्राक्षमळ्यावर वाइन बनवायला शिकला होता. परत येऊन त्याने शिरपामाळजवळ, गोरखच्या भागीदारीत, जांभळाची वाइन सुरू केली. गेल्या आठवड्यात तो तळघरात मेलेला सापडला. अंगावर ओरखडाही नव्हता.

“मोरेलचे तीन मालक असेच गेले,” तिघं कारखान्यावर पोचताच गोरखने सांगितलं. तोही मोरेलवर राबला होता. “ऐन हंगामात, तळघरात. दर वेळी मळा दुसऱ्याच्या हाती गेला. चौथ्याने भिंत पायथ्याशी फोडली, तेव्हा कुठे शाप बाहेर पडला. इथली पिंपं तिथलीच आहेत. वहिनी, मी उतरणार नाही. रस आजच घुसळायला हवा, नाहीतर नासेल. तुम्ही उतरा, नाहीतर सगळं माझ्या नावावर करा.”



हेमंतला आधी पाहिलं होतं जांभळं निवडणाऱ्या सोमीने; रविनाने तिला विचारलं. “हेमंतदादा पडलेला दिसला. उतराय गेले तं दिवा इझला. पुन्ना लावला, पुन्ना इझला. कोनीतरी फुंकला, ताई! मंग गोरखदादाला हाक मारली. तो आधी तळघराच्या मागं गेला. लय येळानं उतरला.”

“त्याचा दिवा?”

“नाय इझला.”

रविना तळघराच्या मागे जाऊन आली. तिच्या बोटांना ओला चिखल होता.

“गोरख, पुढे व्हा. आपण सगळेच उतरू.”

गोरख दारातून मागे सरला.

“शाप नाही, वायू,” रविना म्हणाली. “रस आंबताना निघतो आणि तळाशी साचतो. त्यात दिवा विझतो, माणूसही. मोरेलच्या चौथ्या मालकाने म्हणूनच भिंत फोडली. हेमंतनेही मागच्या उतारावर, पायथ्याशी तसंच भोक ठेवलं होतं. सोमीचा दिवा विझला, तेव्हा ते बुजवलेलं होतं. गोरखचा पेटता राहिला, तेव्हा उघडं. मधल्या वेळात मागे कोण गेलं?”

“आणि आत्ता?” संदीपने घाबरत विचारलं.

“पुन्हा बुजवलंय. उज्ज्वलाताईंसाठी.”

गोरख पळाला, पण आवारातल्या गड्यांनी त्याला फाटकाशीच धरलं.

उज्ज्वला पायरीवर बसली. “त्यांना त्रास झाला असेल?”

“नाही,” रविना म्हणाली. “झोप लागल्यासारखं होतं.”

जीपमध्ये संदीपने विचारलं, “खरंच?”

“नाही, जीव गुदमरतो,” रविना खिडकीबाहेर बघत म्हणाली. “पण ते त्यांना सांगून काय होणार?”