दुसऱ्याने परत म्हणायचं

आमच्या ऑफिसात थर्मामीटर तपासले जातात. लशींचे फ्रीज, रक्तपेढ्या, औषधांची गोदामं, जिथे जिथे एखाद्या अंशाने घोटाळा होऊ शकतो तिथले थर्मामीटर आमच्याकडे येतात आणि ते खरं बोलतात की नाही हे आम्ही ठरवतो. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी या कामाला लागले तेव्हा आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती ताप मोजते, पण माणसांचा नाही."

कामाची एक पद्धत आहे. एकाने आकडा वाचायचा. दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. मग पहिल्याने "बरोबर" म्हणायचं. "बरोबर" ऐकल्याशिवाय दुसऱ्याने पुढे सरकायचं नाही, नुसतं थांबून राहायचं. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटायचा. पण सहा-सात महिन्यांत सवय इतकी अंगात मुरली की घरी आई "कुकर बंद कर" म्हणाली तरी मी "कुकर बंद" म्हणून तिच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

वाचणारे बहुतेक वेळा आमचे सर असत. इमारतीत त्यांना सगळे 'दशांश' म्हणतात, कारण "चार वाजले" म्हटलं तरी ते "चार पूर्णांक किती?" विचारतात. आणि आम्हा दोघांना मिळून खालच्या रिसेप्शनच्या ताई 'पोपट-मंडळ' म्हणायच्या. या ताई नकला फार छान करायच्या. इंटरकॉमवर कधी माझ्या आवाजात सरांना, कधी सरांच्या आवाजात मला फोन करायच्या. आवाज हुबेहूब. फक्त शेवटी त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही, म्हणून पकडल्या जायच्या.

त्या सकाळीही फोन आला. "चहा आलाय," सरांचा आवाज म्हणाला. "दोन कप."

"दोन कप," मी म्हणाले.

"बरोबर." आणि मग ते फुटलेलं हसू. "अगं, आज तरी ओळखशील असं वाटलं होतं!"

ते आमचं शेवटचं बोलणं.

आमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक शीतकक्ष आहे. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा, जाड दाराचा, दाराला पुस्तकाएवढी काच. भिंतींत हातभर फोम आणि आतून मऊ अस्तर. दार लावलं की आतलं बाहेर ऐकू येत नाही, बाहेरचं आत येत नाही. आवाज आत घुमतही नाही. नवीन असताना मी कुतूहल म्हणून आत उभी राहून ओरडून पाहिलं होतं. शब्द ओठांसमोरच पडल्यासारखा वाटला होता. त्या दिवशी बर्फ वितळवण्यासाठी कक्षाची वीज बंद होती आणि दार अर्धवट उघडं होतं. सर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, स्टोअररूममध्ये तारा शोधायला गेले होते. मी एकटीच होते.

खालून धाडकन आवाज आला, मग आणखी काही, लागोपाठ. खालच्या मजल्यावर दुरुस्ती चालू होती, त्यामुळे मला भीती नाही, वैताग आला. कोणीतरी पत्रे टाकतंय असं वाटलं. मग जिन्यात पावलं धावली, कोणीतरी किंचाळलं आणि ते किंचाळणं मध्येच थांबलं. दिवे गेले. आमची खिडकी आतल्या चौकात उघडते, तिथून जेमतेम राखाडी उजेड यायचा, तोही धुराने झाकोळला.

मी खोलीच्या दाराकडे धावले. लोटायचं, कडी लावायची, टेबल आडवं सरकवायचं, एवढंच डोक्यात होतं.

"दार उघडं ठेव," सर म्हणाले.

आवाज अगदी नेहमीचा होता. आकडा वाचताना असतो तसा सपाट, ना हळू ना मोठा. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "दार उघडं."

"बरोबर. खुर्ची पाड."

"खुर्ची पाडली."

"बरोबर. आत ये."

आवाज कक्षातून आला होता. मी आत शिरले आणि कक्षाचं दार ओढून घेतलं.

"खटका नको."

"खटका नको," मी कुजबुजले. दाराला बोटभर फट ठेवली.

"बरोबर."

सर आधीच आत आहेत म्हणून मला केवढा धीर आला होता. मी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. फडताळ लागलं. तारा लागल्या. समोरची ओली, गार भिंत लागली. कक्ष केवढासा! मी दोन्ही हात पसरून चाचपलं. कोणी नव्हतं.

मग दार हललं. कोणीतरी अंग चोरून आत आलं. सर्दीच्या मलमाचा वास आला, दशांश सरांच्या शर्टाला बारा महिने येतो तो.

"आलो," सर म्हणाले. त्यांना इतकी धाप लागली होती की शब्द फुटत नव्हता.

आधीच्या आवाजाला धाप नव्हती. हे मला तेव्हाच जाणवलं होतं, पण त्यावर विचार करायला डोक्यात जागा उरली नव्हती.

बाहेर बंदूकवाले आले. कॉरिडॉरमधली बंद दारं एकेक करून फोडल्याचे आवाज येत होते. दार फुटायचं, मग गोळ्या. आमच्या खोलीशी पावलं थांबली. फटीतून बॅटरीचा उजेड पडलेल्या खुर्चीवरून फिरला. उघडं दार, पडलेली खुर्ची. इथली माणसं केव्हाच पळाली, असंच कोणालाही वाटलं असतं. पावलं पुढे गेली. थोड्या वेळाने कॉरिडॉरच्या टोकाला मोठा स्फोट झाला आणि भिंतीचा फोम माझ्या पाठीला धडकला.

सरांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

बऱ्याच वेळाने बाहेरून हाक आली. "पोलीस! कोणी असेल तर बाहेर या! भिऊ नका!"

मी हललेच.

"थांब," अंधारात आवाज आला.

"थांब," मी म्हणाले. त्याच क्षणी सरही म्हणाले.

"बरोबर."

हाक दोनदा आली. पलीकडच्या वकिलांच्या ऑफिसातून कोणाचीतरी चाहूल लागली, दार उघडल्याची. मग गोळ्या.

मी तोंडात रुमाल कोंबला.

किती वेळ गेला ते खरंच सांगता येणार नाही. पुढे पुष्कळ बुटांचे आवाज आले, वायरलेसची खरखर आली, कुत्रा भुंकला. पण आता आम्ही कोणाच्याच हाकेला ओ देणार नव्हतो.

"आता," आवाज म्हणाला.

"आता," आम्ही म्हणालो आणि बाहेर पडलो. समोर जवान होते. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, खाली उतरताना कुठे बघू नका. माझ्या पाठीकडे बघा." मी त्याच्या पाठीकडेच बघत राहिले. तरी रिसेप्शनपाशी मला ताईंची फिरती खुर्ची दिसली. ती भिंतीकडे तोंड करून होती आणि तिच्यावर कोणीतरी चादर टाकली होती. पहिल्या आवाजातच ताई गेल्या होत्या, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

त्या दिवशी शहरात आणखी ठिकाणीही माणसं मेली. आमच्या मजल्यावरून आम्ही दोघंच चालत उतरलो. घरी गेले तेव्हा आईने आधी मला मिठी मारली, मग "फोन का नाही उचललास?" म्हणून झापलं, मग पुन्हा मिठी मारली. आधी ती ओरडली की मला राग यायचा. आता ती ओरडली की बरं वाटतं. सकाळी डोळे उघडले की छताचा पंखा दिसतो, त्याचंसुद्धा बरं वाटतं.

आठवड्याभराने सर घरी आले. हातात फळांची पिशवी, दाढी वाढलेली. आईने त्यांना बसूच दिलं नाही, सरळ पाया पडायला वाकली.

"अहो, हे काय करताय!" सर मागे सरकले.

"माझी मुलगी तुमच्यामुळे वाचली."

"उलटं झालंय, वहिनी. मीच आभार मानायला आलोय. स्टोअररूमची कडी लावून बसलो होतो मी. हिने हाक मारली नसती तर तिथेच राहिलो असतो. आणि ती खोली तर..." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "काहीच उरलं नाही तिथे."

"मी हाक मारली?" मी विचारलं.

"मारलीस की. 'कडी काढा. भिंतीच्या कडेने चाला. आत या.' अगदी शांत. तुझं धैर्य पाहून मलाच लाज वाटली बाळ. मी आपला नुसता परत म्हणत आलो."

"सर, परत तर मी म्हणत होते."

ते हसले. "म्हणजे?"

"दार उघडं ठेव, असं तुम्ही म्हणालात. खुर्ची पाड म्हणालात. मी परत म्हटलं. तुम्ही 'बरोबर' म्हणालात."

"'बरोबर' तू म्हणत होतीस."

आई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. "तुमचं पोपटांचं तुम्हालाच कळो. कोणी का म्हणेना, वाचलात ना?" असं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली.

मग सरांनी खालच्या आवाजात विचारलं, "'थांब' तू म्हणालीस ना?"

मी मान हलवली. नाही.

मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. भीतीत मेंदू काय काय ऐकवतो ते मी वाचून काढलं. एका माणसाला ऐकवेल. दोघांना, वेगवेगळ्या खोल्यांत, एकाच हिशेबाने? इंटरकॉमचाही विचार केला, पण वीज गेल्यावर तो बंद पडतो. आणि दोघांचे आवाज काढू शकणारी एकच व्यक्ती त्या इमारतीत होती. ती पहिल्या आवाजातच गेली होती.

खरं सांगते, त्या विचाराने मला भीती नाही वाटली, उलट ऊब वाटली. ताईंनी शेवटची नक्कल आमच्यासाठी केली, असं मी मनाशी धरून चालले. कोणाचे तरी आभार मानल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

ऑफिस पुन्हा सुरू झालं. भिंती रंगवल्या होत्या, रिसेप्शनवर नवी खुर्ची होती. पहिल्याच दिवशी शीतकक्षात तारा जोडायला मी आत गेले आणि दार मुद्दाम खटक्यापर्यंत ओढून घेतलं. मला एकांत हवा होता. काचेतून दशांश सर दिसत होते, टेबलाशी उभे राहून बाटलीने पाणी पीत होते.

मी हात जोडले. मोठ्याने म्हणाले, "आभारी आहे."

"आभारी आहे," सर म्हणाले.

माझ्या कानाशी, सपाट आवाजात. काचेपलीकडे सरांच्या ओठांना अजून बाटली लागलेली होती. त्यांचा गळा घोटाघोटाने हलत होता.

मी वाट पाहिली. आता ताईंना हसू फुटेल.

हसू आलं नाही.

मला हलता येईना. सरांनी बाटली खाली ठेवली, झाकण लावलं, कागद उलटला. आत काहीच घडत नव्हतं. फक्त माझ्या शेजारी कोणीतरी पद्धतीप्रमाणे थांबलं होतं.

"बरोबर," मी म्हणाले.