शुक्रवारच्या यादीत नसलेलं नाव

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवणाऱ्याला सगळे ‘कुलूपवाला’ म्हणायचे. आमची ओळख झाली ती माझ्याच वेंधळेपणामुळे. ताईच्या बाळाचे फोटो बघायला मी घरचा पेनड्राइव्ह ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला आणि स्क्रीन लॉक झाली. पाच मिनिटांत स्वारी टेबलाशी हजर. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्यानं पेनड्राइव्ह तपासला, सगळे फोटो शांतपणे बघितले, मग चष्मा सावरत म्हणाला, “बाळ गोड आहे... पण नियम म्हणजे नियम. पुन्हा लावू नका.”

झालं, मी तिथंच भाळले.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. काम करता करता हळूच त्याचं प्रोफाइल उघडायचं, डोंगरावरचा त्याचा तो एकुलता एक फोटो बघायचा आणि कुणाची चाहूल लागली की पटकन बंद करायचं. दर शुक्रवारी तो एक यादी पाठवायचा – ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणी किती वेळ खासगी उद्योग केले, त्याची. त्यावरून समजपत्रं टाइप करायचं काम माझं. कुणी चपला बघितलेल्या, कुणी क्रिकेट. माझं नाव कधीच नसायचं. मी आपली मनातल्या मनात खूश – इतक्या चपळाईनं बंद करते, याला काय पत्ता लागणार!

पण नाव तर रिसेप्शनवालीचंही नसायचं. ती बया दुपारभर स्क्रीनकडे बघून हसायची, हात हलवायची. आणि हा पठ्ठ्या? रोज तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. दोघांची डोकी एकाच स्क्रीनमध्ये... माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मला नियम आणि तिच्याशी गुलूगुलू? डब्यातला घास गोड लागेना. एकदा आडून आडून विचारलं, तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “ते... सांगता येणार नाही,” म्हणाला. मग मात्र माझं डोकं फिरलं.

खोट्या नावानं ईमेल खातं उघडलं आणि मॅनेजरबाईंना दोन ओळी लिहिल्या – कुलूपवाला आपल्या मर्जीतल्या बाईचं नाव यादीतून गाळतो, चौकशी व्हावी. पाठवून टाकलं, तेव्हा कुठं गार वाटलं.

सोमवारी चौकशीची टिपणं घ्यायला बाईंनी नेमकं मलाच बोलावलं. रिसेप्शनवालीचा विषय दोन मिनिटांत संपला. तिचे अंथरुणाला खिळलेले वडील घरी एकटे असतात. त्यांना कॅमेऱ्यातून बघायची लेखी परवानगी तिला बाईंनीच दिली होती. कॅमेरा सारखा बंद पडायचा, म्हणून हा जाऊन बसायचा. तिच्या घरची गोष्ट, म्हणून कुठं बोलला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी कागद उलटला. “पण एक नाव खरंच गाळलंय. तुझं. नऊ आठवडे. एकाच माणसाचं प्रोफाइल, दिवसाला पंधरा-पंधरा वेळा. कुणाचं, ते वाचू?”

मी मान हलवून नको म्हटलं. चौकशीला समोर बसलेला तोही टेबलाकडेच बघत होता. मला समजपत्र मिळालं. त्याच्याकडून यादीचं काम गेलं आणि त्याची बदली गावाबाहेरच्या गोदामात झाली. दोन्ही पत्रं मीच टाइप केली. त्याचं टाइप करताना अक्षरं दिसेनात.

तो सामान आवरत होता, तिथं गेले.

“तक्रार मी केली होती.”

“माहितीये,” तो वायर गुंडाळत म्हणाला. “ऑफिसच्याच कॉम्प्युटरवरून पाठवलीस ना. सव्वाअकराला.”

पहिल्यांदाच अगं-तुगं... मला धड रडताही येईना. “मग अडवली का नाहीस?”

“तुझं नाव गाळलं, ती लबाडी होती. एवढी पुरे.” वायर खोक्यात टाकत म्हणाला, “शिवाय... नऊ आठवडे वाट बघत होतो, ही कधीतरी बोलेल म्हणून. तू नुसता फोटो बघायचीस आणि जिन्यात भेटलीस की मान खाली. तक्रार वाचली आणि कळलं, माझ्यावरून तू कुणावर तरी जळतेस. फार बरं वाटलं.”

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. “फार आवडतोस. माझ्यामुळे तुझं हे असं झालं...”

“गोदामातही कॉम्प्युटर असतात.”

“आणि बायका?”

तो हसला. “एक आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.”

“असू देत,” मी म्हटलं. “मी रोज संध्याकाळी येऊन बघणार.”