कुंदनच्या हातावरची मेंदी

"हात हलवू नको व," पिंटूदादा म्हणाला. "हात हलला का फोटो हलते, अन् फोटो हलला का निकाल चुकते."

हर्षाने श्वास रोखून तळहात पुढे धरला. त्यावर संत्र्याचं एक पान होतं. मावशीचं लग्न आटोपून ती परवाच तेल्हाऱ्याहून घरी आली होती. हातावरची मेंदी अशी काही रंगली होती की ताई हातात वीट घेऊन आली, असं तिच्या धाकट्या भावाचं, कुंदनचं, गावभर सांगून झालं होतं.

पिंटूदादाने मोबाइल पानावर धरला. टुंग असा आवाज झाला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली. 'रोगट. झाड काढून टाका.'

पिंटूदादा अकोल्याच्या एका संशोधन केंद्रातून आला होता. केंद्राने 'पानडोळा' नावाचं ॲप बनवलं होतं. पान हातावर ठेवायचं, फोटो काढायचा, की झाड निरोगी आहे की रोगट हे ते क्षणात सांगायचं. चांदूर बाजारच्या आसपासचे संत्र्याचे बगीचे पिंटूदादा तपासत फिरत होता, आणि ॲप जणू स्वतःच्या पोटचं असल्यासारखा त्याचं कौतुक करत होता.

दुसरं झाड रोगट. तिसरं रोगट. ओळच्या ओळ रोगट. मध्येच हर्षाला तहान लागली, म्हणून विहिरीजवळच्या झाडाचं पान कुंदनने धरलं. ते तेवढं निरोगी निघालं.

"पाह्यलं?" कुंदन छाती फुगवून म्हणाला. "माह्या हाताले गुण हाये."

पण हसलं कोणीच नाही. बाबा, म्हणजे पंजाबराव, धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, बसले होते. संत्र्याला मृगाचा बहार यावा म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. त्या ताणाने पानं जराशी मलूल झाली होती. एरवी बाबांना त्याचं काही वाटलं नसतं. आज मात्र तीच पानं त्यांना आजारी दिसायला लागली.

"औषध?" त्यांनी विचारलं.

"या रोगाले औषध नाई, काका. झाड ठेवलं का शेजारच्या बगीच्यात पसरते."

शेजारचा बगीचा बुधाजींचा होता. दोन घरांचं कित्येक वर्षांचं सख्य. बुधाजींचा मुलगा सुगत दिवसभर कुंदनच्याच घरी असायचा, आजही होता. पंजाबराव म्हणाले, "माह्या झाडापायी बुधाजीचा बगीचा जाईल, असं पाप मले नाई पाहिजे. शेषरावले कटर मशीन घेऊन बोलावतो. उद्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर."

ही झाडं हर्षाच्या कमरेएवढी होती तेव्हा विहीर आटली होती. त्या उन्हाळ्यात शाळेतून आली की ती तांब्या-तांब्याने त्यांना पाणी घालायची. या वर्षी पहिल्यांदा ती भरगच्च लागणार होती आणि उद्या संध्याकाळी त्यांची लाकडं होणार होती. तिला रडू आलं, आणि ते तिने कुंदनपासून लपवलंही नाही.

ताई रडते म्हटल्यावर कुंदनचा विनोद आटला. त्याने बाबांचा मोबाइल आणला. जाता जाता पिंटूदादाने त्यातही पानडोळा टाकून दिला होता.

"ताई, निदान माह्या झाडाचा फोटो काढून ठेवू. ते तर चांगलं हाये. धर पान."

हर्षाने डोळे पुसले आणि विहिरीजवळच्या झाडाचं पान हातावर घेतलं. टुंग. 'रोगट. झाड काढून टाका.'

"अबे, सकाळी चांगलं होतं न हे?" सुगत पुढे झाला. "अर्ध्या दिवसात झाडाले रोग होते का कुठं?"

सुगत थोडा संथ बोलायचा, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती बाहेर काढल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. त्याने मोबाइल उलटसुलट करून पाहिला. "सकाळी सावली होती, आता ऊन हाये. उन्हामुळं झालं असन."

तेच पान घेऊन तिघे सावलीत गेले. रोगटच. मग कुंदनने दगडावर ठेवलं, तर निरोगी. उन्हातल्या दगडावर ठेवलं, तरीही निरोगी. दोषाचं खापर उन्हाच्या डोक्यावरून उतरलं.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," सुगत म्हणाला. "पान तेच, जागा तीच. आता फक्त हात बदला."

कुंदनचा हात: निरोगी. सुगतचा हात: निरोगी. हर्षाचा हात: रोगट. हर्षाच्या हातावर ओढणी पसरून त्यावर पान: निरोगी.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हर्षाने हळूच पान खाली टाकलं आणि नुसता मोकळा तळहात मोबाइलसमोर धरला.

टुंग. 'रोगट. झाड काढून टाका.'

"तुलेच रोग झाला, ताई," कुंदन ओरडला. "शेषरावकाका उद्या तुलेच तोडतेत!"

हर्षाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण आता तिचं रडू पळालं होतं. "मेंदी," ती म्हणाली. "हे मशीन पान पाहूनच नाई राह्यलं. मेंदी पाहून राह्यलं."

"किंवा तुझा हातच त्याले आवडत नसन," सुगत म्हणाला. "हे पक्कं कसं करायचं? मेंदी दुसऱ्या हातावर पाहिजे."

दोघांच्याही नजरा एकदमच कुंदनकडे वळल्या.

"नाई बाप्पा! मी नाई. पोट्टे हसतीन मले."

"तुह्या हाताले गुण हाये न?" हर्षा म्हणाली आणि लग्नातून उरलेला कोन घेऊन आली.

पुढचा सगळा वेळ कुंदन ओट्यावर हात पसरून बसला. नाकावर माशी बसली, पाय खाजला, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाने, आता नवरी कोण म्हणून विचारलं. संशोधन म्हणजे पांढरा डगला घालून काचेच्या नळ्या हलवणं, अशी त्याची कल्पना होती. ती त्या दुपारी कायमची मोडली.

मेंदी सुकली, खरवडली. त्याच हातावर सकाळी पान निरोगी ठरलं होतं. आता पान ठेवलं, टुंग झालं आणि लाल अक्षरं आली.

त्यांनी धावत जाऊन बाबांना सगळं दाखवलं. पंजाबरावांनी पाहिलं, पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

"मशीन चुकलं असन. पण मशीन चुकलं म्हणजे झाड चांगलं हाये, असं होते का?"

बाबांचं बरोबर होतं.

"मंग अकोल्याले जाऊन इचारतो आमी," हर्षा म्हणाली. "सुगतचा मामा रोज पहाटे लिंबं घेऊन जाते पिकअपनं. बाबा, संध्याकाळपर्यंत थांबा फक्त."

पंजाबरावांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "जा. हा फोन ठेव जवळ, लागला तर. पण शेषराव एकदा आला का मी त्याले माघारी नाई पाठवणार."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या केंद्रात शिरताच थंडगार हवा अंगावर आली. दारात मोठी कुंडी, कुंडीत हिरवंगार झाड आणि टेबलामागे पिंटूदादा.

"नीलम मॅडम मीटिंगमंधी हायेत. अन् काय म्हणता, पानडोळा चुकते? शंभरातले नव्व्याण्णव फोटो त्यानं बरोबर ओळखले हायेत. तुमाले किती पडले होते सहामाहीले?"

हा प्रश्न कुंदनला फारच झोंबला. तो बाजूला सरकला, कुंडीपाशी घुटमळला आणि हातावर एक पान घेऊन अगदी गरीब चेहऱ्याने परत आला.

"चुकते असं नाई म्हणत, दादा. हे एक पान तपासून द्या फक्त. मंग जातो आमी."

पिंटूदादाने ऐटीत मोबाइल काढला. टुंग. "घ्या. रोगट. हे झाड आजच्या आज काढा लागते."

"काढा मंग," कुंदन म्हणाला. "तुमच्याच कुंडीतलं हाये. प्लॅस्टिकचं."

रांगेत बसलेले शेतकरी असे हसले की आतलं दार उघडलं. एक तरुण बाई बाहेर आल्या. त्याच नीलम मॅडम. पानडोळ्याला शिकवण्यासाठी लागणारे फोटो त्यांनीच जमवले होते.

हर्षाने सगळं सांगितलं: दगड, ऊन, ओढणी, मोकळा हात. कुंदनने तळहात दाखवला. नीलम मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. "आत या," त्या म्हणाल्या.

आत त्यांनी संगणक उघडला. "आम्ही यंत्राला रोग म्हणजे काय ते सांगत नाही. नुसते फोटो दाखवतो. हे रोगट, हे निरोगी. दोन्हींतला फरक ते स्वतःच शोधतं. काय शोधलं, ते मात्र सांगत नाही."

पडद्यावर निरोगी पानांचे फोटो आले. तऱ्हेतऱ्हेचे हात, काळे, गोरे, भेगाळलेले. मग रोगट पानं आली. एका हातावर पान, दुसऱ्या हातावर पान, आणि प्रत्येक पानाखाली गडद लाल मेंदी.

"बाप्पा," सुगत म्हणाला. "हे हात कोणाचे?"

नीलम मॅडमनी स्वतःचे दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मेंदी केव्हाच गेली होती.

"माझेच. निरोगी पानं आमच्या सगळ्यांनी मिळून दिवाळीआधी टिपली. मग माझं लग्न झालं. लग्नाहून आले ती थेट पातूरकडच्या रोगट बगीच्यांत गेले. एकटीच होते. एका हातावर पान ठेवायचं, दुसऱ्याने फोटो काढायचा. माझ्या हातावर काय आहे, हे मला दिसलंच नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा."

"पण मंग शंभरातले नव्व्याण्णव कसे आले?" हर्षाने विचारलं.

"परीक्षेचे फोटोही याच ढिगातून काढले आम्ही. त्यातही रोगट पानाखाली माझाच हात."

"म्हणजे सरांनी फळ्यावर सोडवलेलंच गणित पेपरात टाकलं," कुंदन म्हणाला. "मंग तर मलेही शंभरातले नव्व्याण्णव पडले असते!"

"परीक्षेला दुसऱ्याच गावचे फोटो घ्यायला हवे होते, दुसऱ्याच हातांवरचे," मॅडम म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "तुमच्या बाबांना फोन लावते. नंबर सांगा."

त्यांनी नंबर फिरवला आणि हर्षाच्या पिशवीतच घंटी वाजली. बाबांचा फोन तिच्याच जवळ होता!

सुगतने आपल्या वडिलांना लावला. बुधाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सांगतो मी त्याले. पण पंजाबराव लय हट्टी हाये. तुमी या लवकर."

केंद्राची जीप निघाली. पिंटूदादा मागे बसला होता. मूर्तिजापूर गेलं, अमरावती गेली. हर्षा रस्त्याकडे बघत नव्हती, उन्हाकडे बघत होती. ते उतरायला लागलं होतं. गावचा फाटा आला तेव्हा बगीच्यातून कटर मशीनची घरघर ऐकू आली आणि ती जीप थांबायच्या आतच दार उघडायला लागली.

ती ओळीच्या टोकाशी धावत पोचली. पहिलं झाड उभंच होतं. झाडाला पाठ टेकवून बुधाजी ऐसपैस मांडी घालून बसले होते. शेजारी शेषरावकाका मशीन नुसतंच चालू करून बघत होते, आणि पंजाबराव हातात चहाचा कप घेऊन वैतागून उभे होते.

"मी याले सांगतलं," बुधाजी म्हणाले, "का माह्या बगीच्यासाठीच तोडून राह्यला न? मंग मीच म्हणतो, थांब. तोडाचं असन तर आधी मले उठव."

"अन् हा उठत नाई!" पंजाबराव म्हणाले.

नीलम मॅडम पुढे झाल्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पंजाबराव, चूक माझी आहे. यंत्राला मी चुकीचं शिकवलं आणि ते नीट तपासलंही नाही. तुमची झाडं निरोगी आहेत, असंही मी आज म्हणणार नाही. पानं प्रयोगशाळेत नेते. तिथला निकाल येईपर्यंत एका फांदीलाही हात लावू नका."

त्या रात्री पंजाबराव नीट जेवले.

निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा कुंदनलाही जड गेला. मग नीलम मॅडम स्वतः कागद घेऊन आल्या. रोग एकाही झाडाला नव्हता. पानं मलूल झाली होती ती ताणानेच. पानडोळा त्यांनी बंद ठेवला होता. ज्या बगीच्यांना त्याने रोगट म्हटलं होतं, तिथे पिंटूदादा दारोदार जाऊन कुऱ्हाड थांबवायला सांगत होता. फोटोही पुन्हा पहिल्यापासून जमवणं सुरू होतं.

"आता प्रत्येक पान तऱ्हेतऱ्हेच्या हातांवर टिपणार," त्या म्हणाल्या. "आणि निरोगी पानाखालचा मेंदीचा पहिला हात कुंदनचा हवा आहे मला."

"आधीच सांगा लागत होतं," कुंदन म्हणाला. "नक्षी तरी चांगली काढली असती ताईनं."

पंजाबराव मोठ्याने हसले. मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "शिकलेल्या माणसानं सांगतलं, मशीननं सांगतलं, अन् मी मान डोलावली. तुमी इचारलं, असं कावून? लय मोठं काम केलं, पोट्टेहो."

ताण तोडायचा, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सोडायचा दिवस आला. सगळे बगीच्यात जमले. मोटारीची कळ दरवर्षी पंजाबराव स्वतःच दाबत. या वर्षी ते बाजूला झाले.

"हर्षा, तू दाब. लहानपणी तांब्यानं पाजलं त्याईले, आता मोटारीनं पाज."

हर्षाने कळ दाबली. पाणी दांडातून खळखळत निघालं आणि सगळ्यात आधी बुधाजी बसले होते त्या झाडाच्या आळ्यात शिरलं. हर्षाला पुन्हा रडू आलं, आणि या वेळी कुंदनने त्याबद्दल गावभर काही सांगितलं नाही.